मल्लेशमच्या गाडीची लिंबं

मोडनिंबच्या अलीकडं हायवेला एक नवीन हॉटेल झालंय. सुनेच्या माहेरून परत येताना ती म्हणाली, "मामा, पाय मोकळे करा, चहा घेऊ." मी उतरलो, धोतर झटकलं, मान वर केली आणि समोर मल्लेशमची गाडी उभी. माझा चहा तिथंच कडू झाला.

तीन चाकं. पुढं लांबच लांब नाक, त्या नाकाखाली एकच चाक, मागं हौदा. आमच्या वेळेला असल्या टेंपोला लोक डुक्कर म्हणायचे. ज्यांनी ती चालवली त्यांना त्या नावाचा राग यायचा. आता तिला पिवळाजर्द रंग दिलाय. हौद्यात माती भरून सदाफुली लावलीय. दिव्यांची माळ नाकावरनं खाली सोडलीय आणि तिन्ही चाकं घोट्याएवढी सिमेंटात पुरलीत. कॉलेजच्या पोरी नाकाला गाल लावून फोटो काढत होत्या. गाडीच्या नाकाला गाल!

ओळखली कशी म्हणाल, तर नाकाच्या डाव्या अंगाच्या पोच्यावरनं. रंगाचे कितीबी हात द्या, तो पोचा लपत नाही. मी त्याच्यावरनं तळवा फिरवला. ऊन लागून पत्रा तापला होता. तापलेल्या पत्र्याला एक वास असतो, तो मात्र तोच होता.

"कुणाची हो ही?" सुनेनं विचारलं.

"मल्लेशमची."

"तुमचे दोस्त?"

"दोस्त कसला. स्टँडावर माझ्या शेजारी गाडी लावायचा."

"किती गोड आहे! उभं राहा ना मामा, फोटो काढते."

"त्याच्या गाडीसंगं माझा फोटो? मेलो तरी न्हाय."

ती हसली. माझी सून सुनीता दवाखान्यात नर्स आहे, तिला म्हाताऱ्यांच्या हट्टाची सवय आहे. मुलगा पुण्याला असतो, घर तीच चालवते आणि गाडीबी तीच चालवते. बॅटरीवरची गाडी, पांढरी. चालू आहे का बंद आहे कळत नाही. म्हशी रस्त्यातून हटत नाहीत, कारण त्यांना ऐकूच येत नाही. मी तिच्या डाव्या अंगाला पट्टा बांधून बसतो, पोतं बांधल्यासारखा. ज्यानं उभ्या जन्मात स्टेअरिंग सोडलं नाही, त्यानं असं बसायचं.

माझीपण गाडी होती. तसलीच, तीन चाकांची. ती कुठं गेली सांगू? भंगारात. तिला कापली तेव्हा मी गेलो नाही बघायला. कुणाच्या तरी खिडकीचे गज झाली असेल, कुणाच्या तरी गच्चीत सळई होऊन बसली असेल. आणि ह्याची बघा, फुलं लावून, दिवे लावून, नवरीसारखी.



*

आमचं स्टँड होतं सुताच्या दुकानांपाशी, कडुलिंबाच्या झाडाखाली. सकाळी तिथं पहिला वास यायचा तो खळीचा. सूत कडक करायला खळ शिजवायचे, तिचा आंबूस, गरम भाताच्या पेजेसारखा वास. मग डिझेलचा. मग कुणीतरी फडकं सोडायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. लसणाचा वास सगळ्या वासांवर चढायचा. चारी बाजूनं माग चालू असायचे, खटक् खटक् खटक्. तो आवाज एवढा कानात बसलेला की, दिवाळीत माग बंद राहिले की आम्ही मोठ्यानं बोलायचो आणि मग लाजायचो, कारण ओरडायची गरजच नसायची.

तिथं मल्लेशम यायचा. तेलुगू माणूस, बाप विणकर, आजा विणकर. हा एकटा मागावरनं उठून गाडीवर बसला. मला बावा म्हणायचा. बावा म्हणजे त्यांच्यात मेव्हणा.

"काय बावा, आज तोंड का सुजलं?"

"तुझं बघून."

असं आमचं रामराम असायचं.

त्याची गाडी यायच्या आधी तिचा पोंगा यायचा. पितळी पोंगा, मागं काळा रबरी फुगा. प्वांऽक करून एकदाच दाबायचा, माझ्यासारखा दहादा नाही. बायका चाळीतून वाकून बघायच्या. रोज तेलाच्या बोळ्यानं पुसलेली गाडी, नाकावर शेंदराचं बोट, काचेवर आतल्या बाजूनं जाळीचा पडदा; तोसुद्धा त्याच्या बायकोनं विणलेला. माझ्या गाडीला काच होती, तिच्यावर चिकटपट्टी होती. उन्हाळ्यात इंजिनाची धग दोघांच्याबी गुडघ्यांना सारखीच लागायची, पण तो उतरायचा तो कोरडा, इस्त्रीचा. मी उतरायचो तो भट्टीतून काढल्यासारखा.

माझी बायको एकदा म्हणाली, "त्या गाडीकडं बघता तसं माझ्याकडं कधी बघितलं न्हाय तुमी." बिचारी गेली आता. खोटं काही बोलली नव्हती.

गाड्यांचं जाऊ द्या. मी म्हणतो, अपघातसुद्धा माणसाच्या नशिबानं व्हावा?

त्याचा झाला अक्कलकोटच्या रस्त्याला. वळणावर गाडी नाकावर गेली, मग कुशीवर. हौद्यातल्या चादरी उडाल्या. लाल, निळ्या, हिरव्या, फुलांच्या, मोराच्या, सगळ्या शेजारच्या ज्वारीत जाऊन पसरल्या. ज्वारी कणसात आलेली. मी मागूनच येत होतो, मी बघितलंय. पिवळ्या रानावर कुणीतरी सणाची चादर अंथरावी तसं ते दिसत होतं. वस्तीवरनं माणसं धावली. कानडीत काय काय बोलत होती, मराठीत बोलत होती. बायांनी एकेक चादर झटकली, कणसाचं तूस वेचून काढलं, घडी घातली आणि गठ्ठा बांधून दिला. एक चादर कमी भरली नाही. एका म्हातारीनं त्यातलीच एक मल्लेशमच्या खांद्यावर टाकली, तो थरथरत होता म्हणून. मोराची होती. तो तसाच बसलेला, मोर पांघरून, आणि गाव त्याच्याभोवती. नाकाचा तो पोचा त्या दिवसाचा.

स्टँडावर महिनाभर तेच.

"चादरी उडाल्या म्हणं पाखरावानी."

"आन एकबी हरवली न्हाय!"

"गाडीच तसली हाय त्याची. लक्ष्मी हाय."

आणि माझा अपघात? नातेपुत्याच्या बाजारात. माल उतरवायला गाडी मागं घेत होतो. मागं चार शहाणी माणसं उभी, हात हलवतायत, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." मी येऊ दिली. गाडी शेणखताच्या खड्ड्यात. वरनं त्यांतला एक म्हणतो, "आले की!" बैल लावून काढली. पुढं कितीतरी दिवस ऊन चढलं की गाडीला वास यायचा. आणि मी स्टँडावर पाऊल टाकलं की लिंबाखालनं सगळे एका सुरात, "येऊ द्या, येऊ द्या!"

तोबी अपघात आणि हाबी अपघात. त्याला मोर, मला शेण.

*

आता खंडेनवमीचं सांगतो. त्याच्याशिवाय हे सगळं कळायचं नाही.

गाड्यांची पूजा सगळीकडंच होते. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ, चाकाखाली लिंबू. गाडी पुढं घेतली की लिंबू फुटतं आणि नजर जाते. पण आमच्या स्टँडावर एक रीत होती, दुसऱ्या कुठं मी बघितली नाही. आपल्या गाडीची लिंबं आपण चिरडायची नाहीत. त्या गाडीवर ज्याची नजर सगळ्यात जास्त, त्यानंच सीटवर बसायचं आणि त्यानंच गाडी लिंबावरनं न्यायची. ज्यानं नजर लावली त्यानंच काढायची. कासीम वस्ताद म्हणून आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर होता. मेंदी लावलेली दाढी, हातात अत्तराचा बोळा. तो ठरवायचा कुणाची नजर कुणावर. झेंडूच्या वासात ते अत्तर मिसळायचं आणि वस्ताद एकेका गाडीपुढं उभा राहून आमच्या तोंडांकडं बघत जायचा.

मल्लेशमच्या गाडीपुढं आला की त्याला बघावंच लागायचं नाही.

"उसकू बुलाव रे! नजर उसकीच है!"

सगळं स्टँड हसायचं. मी मान ताठ ठेवून जायचो. लोकांना वाटायचं मला लाज वाटते. वाटायची तर. पण वर्षातून तेवढा एकच दिवस मी त्या सीटवर बसायचो. गादीला त्याच्या बायकोनं शिवलेली खोळ, कापूर ठेवलेला कप्पा. स्टेअरिंग हातात धरलं की माझ्या गाडीसारखं खुळखुळ हलायचं नाही. क्लच सोडला की गाडी अशी निघायची, जशी पाण्यावरनं. तिन्ही लिंबं एकामागं एक फच् फच् फुटायची आणि वास वर यायचा. चार हात पुढं, बस्स. मग उतरायचं. मी पोंगा दाबायचो नाही. तो दाबायला त्यानं सांगायला पाहिजे होतं, आणि मी काय मागणारा माणूस नव्हे.

मग माझ्या गाडीची पाळी. वस्ताद उभा. लिंबं चाकाखाली. वस्ताद सगळ्यांच्या तोंडाकडं बघतोय, एकेकाचं तोंड खाली. कुणीतरी मागनं बोलायचं, "हिच्यावर कुणाची नजर आसनार? माश्यांची!"

ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

आणि त्या हसण्यातनं मल्लेशम पुढं यायचा, कोरड्या कपड्यांत. "सरका, मी चिरडतो. माजी नजर हाय." तो बसायचा, माझ्या फाटक्या सीटवर, आणि हळू, सांभाळून न्यायचा. दया. माझ्यावर दया करायला त्याच्याकडं एवढं होतं की उतू जात होतं.

एका वर्षी मी आडवा झालो. म्हणलं, "हात लावायचा न्हाय. माझ्या गाडीची लिंबं मी चिरडीन."

वस्ताद म्हणाला, "ऐसा नै चलता बेटा."

"माझं चालतं."

आणि तिथनं पुढं दर खंडेनवमीला मीच बसायचो आणि मीच न्यायचो. मल्लेशम मात्र दर वर्षी गाडीपर्यंत यायचा. दाराला हात लावायचा, माझ्याकडं बघायचा, आणि परत जायचा. पुढं स्टँड उठलं, लिंबाचं झाड गेलं, वस्ताद गेला. चार चाकांचे छोटे टेंपो आले, शाळेतल्या मुलांसारखे एकसारखे. कोण कुणावर नजर ठेवणार?

*

हॉटेलवर गाडी बघून आठ-पंधरा दिवस मी तळमळलो. मग गेलो त्याच्याकडं. खरं सांगायचं तर त्याला टोचायला गेलो. सिमेंटात पुरलीय तुझी राणी, एवढं त्याला ऐकवायचं होतं.

त्याच्या गल्लीत आता मागाचा आवाज नाही. एखादाच कुठं खटखटतो, म्हाताऱ्याच्या दातासारखा. मल्लेशम दारात खुर्ची टाकून बसला होता. गुडघे सुजलेले, पण सदरा इस्त्रीचा. बघा म्हणजे.

"बावा! तोंड का सुजलं?"

"तुझी गाडी बघितली. हॉटेलच्या दारात उभी हाय. हौद्यात फुलं लावलीत, चाकं सिमेंटात."

मला वाटलं तो रडेल. तो हसला.

"माजी कुटं रं? शेठची. मी ड्रायव्हर. शेठनं इकली तवा मी तापानं पडलो व्हतो. उटून बगतो तर आंगन रिकामं. पोंगा तरी काडून ठिवायचा हुता."

गाडी शेठची होती हे काय मला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं. पण मल्लेशमची गाडी म्हणायची एवढी सवय झाली होती की, तिच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव असेल हे डोक्यातनं उतरूनच गेलं होतं.

"मला ने की येकदा," तो म्हणाला. "खंडेनवमीला ने. लिंबं मी आनतो."

मला नाही म्हणता आलं नाही. सुनेला सांगितलं, ती लगेच हो म्हणाली. त्याच्यासाठी लगेच हो.

*

खंडेनवमीला सुनीतानं सकाळीच गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. लिंबं ठेवूया म्हणाली, मी म्हणलं आल्यावर बघू. मल्लेशमला मागच्या सीटवर बसवला. त्याच्या मांडीवर रुमालात बांधलेली तीन लिंबं. सगळ्या रस्त्यानं तो गाडीचं दार चाचपत होता, काच खाली करत होता, वर करत होता.

"आवाजच न्हाय गं पोरी हिला."

"बॅटरीची आहे काका."

"आन क्लच?"

"क्लच नाही. गिअर पण नाही."

"आबाबाबा," तो म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याचा आवाज पातळ झाला. मी वळून बघितलं नाही.

हॉटेलवाल्यांनी त्या पिवळ्या गाडीलापण हार घातला होता. मल्लेशम काठी टेकत तिच्यापाशी गेला. पोच्यावर हात ठेवला. मग वाकून पोंग्याचा फुगा दाबला. रबर वाळून चिरलेलं. नुसता वारा आला, फुस्स. तो मागं सरकला.

"बावा, बस. लिंबं ठिवतो."

"कशी चिरडणार? चाकं सिमेंटात हायत."

त्यानं खाली बघितलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. सांगितलं होतं मी, पण त्यानं ऐकलं ते माणूस ऐकतो तसं, नकोय तेवढं सोडून. लिंबं हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. बाजूला पोरी फोटोसाठी खोळंबल्या होत्या.

माझ्या मनात काय आलं असेल? गरीब बिचारा, असं? नाही. माझ्या मनात आलं, आता माझी नजर ह्या गाडीवर कायमचीच राहिली.

"तू माझ्यावर दया करायचास," मी म्हणलं. एवढ्या वर्षांनी, हॉटेलच्या दारात. "लिंबं चिरडायला यायचास ते."

"दया?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "ए बावा, नजर व्हती रं माजी. तुजी गाडी तुजी व्हती. खड्ड्यात गेली तरी तुजी. माजी म्हनून मी येक दिस रडू शकलो न्हाय त्या गाडीसाटी, शेठ हसला आसता."

मला ते पटलं नाही. म्हातारपणी माणूस गोड बोलतो. शिवाय ते एवढं चांगलं बोललेलं होतं की, ते मला का सुचलं नाही ह्याचाच मला राग आला.

आम्ही परत आमच्या गाडीकडं आलो. मल्लेशम थांबला. पांढऱ्या नाकावर त्यानं हात ठेवला, अलगद, तळवा सगळा पसरून. मान जराशी कलती, ओठ मिटलेले. त्याची ती नजर मला ओळखीची होती. आरशातली होती.

मग मीच म्हणलं, "सुनीता, लिंबं ठेव चाकाखाली. तीनच हायत, चौथं चाक ऱ्हाऊ दे. आन काकाला सीटवर बसव."

"मामा, ते चालवणार?"

"नजर त्याची हाय. चार हात पुढं, जास्त न्हाय."

तिनं आधी चारी बाजूला बघितलं, मोकळं होतं. दार उघडलं, त्याला आधार देऊन बसवलं, स्वतः दाराशी वाकून उभी राहिली. "काका, हा ब्रेक. हळूच सोडा." मल्लेशमचा डावा पाय क्लच शोधत होता, सापडत नव्हता. स्टेअरिंग त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं, पूर्वी धरायचा तसं, वर दोन बाजूंना. गाडी आवाज न करता निघाली. फच्. फच्. फच्. लिंबाचा वास उन्हात वर आला, झेंडू त्यात मिसळला, आणि नुसतं कासीम वस्तादाचं अत्तर तेवढं कमी होतं.

मल्लेशम उतरला तेव्हा त्याचा सदरा पाठीवर भिजला होता. पहिल्यांदा बघितला मी त्याला भिजलेला.

"गेली बावा नजर. लई ग्वाड चालती," तो म्हणाला.

परतीच्या वाटेला तो मागं झोपला. सदऱ्याला लिंबाचा वास, तोंड उघडं. मी पट्टा बांधून डावीकडं. माझ्यानं राहवलं नाही.

"त्याला बसू दिलंस तू सीटवर."

"तुम्हीच सांगितलं ना मामा."

"मला आजवर कवा गाडी दिली न्हायस."

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुम्ही कधी मागितलंच नाही."

मी खिडकीची काच खाली केली. चाकाला सालटं चिकटलं असावं, वास आत येत होता. मागनं मल्लेशमचं घोरणं ऐकू येत होतं. गाडीला आवाज नव्हता ना, म्हणून लई स्पष्ट ऐकू येत होतं.